नागपूरचे ऊन, लेहची उंची आणि आपला सराव

फुटाळा_फेरी (धागाकर्ता) · ६ एप्रिल, रात्री ९.१०

नागपुरातील धावणाऱ्यांच्या गटांत सध्या दोनच विषय जोरात आहेत. सप्टेंबरमधील लडाख मॅरेथॉनसाठी उंचीवरचा सराव कुठे करायचा, हा एक. आणि एप्रिल-मेमध्ये उन्हापासून कसे वाचायचे, हा दुसरा. मला यातली विसंगती खटकते. जी गोष्ट विदर्भात मिळतच नाही तिच्यासाठी आपण रजा आणि विमानाची तिकिटे खर्ची घालायला तयार आहोत, आणि जी दारात फुकट उभी आहे तिला चुकवण्यासाठी पहाटे चारला उठतो आहोत.

आधी उंचीचा हिशोब मांडतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे. चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास, पचमढी हजाराच्या थोडे वर, आणि राज्यातील सर्वांत उंच असलेले कळसूबाईचे शिखरसुद्धा १,६४६ मीटरच. रक्तात टिकाऊ बदल घडावा म्हणून खेळाडू साधारण २,००० ते २,५०० मीटर उंचीवर किमान तीन-चार आठवडे मुक्काम करतात. केनियातील इटेन सुमारे २,४०० मीटरवर आहे, आपले उटी सुमारे २,२४० मीटरवर, आणि हिमाचलातील शिलारू येथील भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्रही साधारण त्याच पट्ट्यात येते. तेव्हा शनिवार-रविवार चिखलदऱ्याला जाऊन घाटात धावणे हा चढाचा उत्तम व्यायाम आहे, पण त्याला उंचीचा सराव म्हणता येणार नाही.

उष्णतेचे तसे नाही. अंग चांगले तापून घाम फुटेल असा तासाभराचा सराव सलग दहा ते चौदा दिवस केला की शरीर बदलते, आणि हे बदल निर्विवाद आहेत. पहिल्या चार-पाच दिवसांतच रक्तातील प्लाझ्माचे, म्हणजे द्रव भागाचे, प्रमाण वाढते आणि त्याच वेगाला नाडीचे ठोके कमी पडतात. पुढे घाम लवकर सुटू लागतो, अधिक येतो आणि त्यातील मीठ घटते. मला विचारायचे आहे ते असे, की हे बदल फक्त उन्हात धावण्यापुरते उपयोगी आहेत, की थंड हवेत आणि लेहसारख्या उंचीवरही त्यांची मदत होते? आणि मदत होत असेल, तर आपल्या मे महिन्याचा काही शिस्तीने उपयोग करून घेता येईल का?

प्रयोगवही · ६ एप्रिल, रात्री ११.०५

प्रश्न चांगला आहे, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत, त्या आधी सुट्या करू.

उंचीवर हवेतील प्राणवायूचा वाटा बदलत नाही, तो सुमारे २१ टक्केच राहतो. हवेचा दाब मात्र कमी होतो. २,५०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश असतो. रक्तातील प्राणवायू घटल्याचे मूत्रपिंडाला जाणवते, ते एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक अधिक सोडते आणि काही आठवड्यांत तांबड्या पेशी वाढतात. ढोबळ हिशोब असा सांगतात, की पुरेशा उंचीवरील दर शंभर तासांना हिमोग्लोबिनचे एकूण वस्तुमान सुमारे एक टक्क्याने वाढते. उष्णतेत सुरुवातीला वाढतो तो केवळ रक्तातील द्रव. म्हणजे उंचीने प्राणवायू वाहणारे वाढतात, तर उष्णतेने त्यांना वाहून नेणारा प्रवाह वाढतो.

उंचीची दुसरी बाजू अशी, की तिथे जोरात धावताच येत नाही. १९६८ च्या मेक्सिको सिटी ऑलिंपिकमध्ये, म्हणजे सुमारे २,२४० मीटरवर, विरळ हवेत बॉब बीमनने ८.९० मीटर लांब उडी मारली. पण दहा हजार मीटरच्या शर्यतीत विश्वविक्रमवीर रॉन क्लार्क अखेरीस कोसळला. म्हणूनच १९९७ मध्ये लेव्हिन आणि स्ट्रे-गंडरसन या अमेरिकी संशोधकांनी ‘राहणे उंचावर, सराव खाली’ ही पद्धत तपासली. त्यांचे धावपटू चार आठवडे २,५०० मीटरवर राहिले आणि १,२५० मीटरवर उतरून धावले. पाच हजार मीटरमध्ये त्यांची वेळ सरासरी १३ सेकंदांनी सुधारली. उंचीवरच राहून उंचीवरच सराव करणाऱ्यांना तेवढा फायदा दिसला नाही.

उष्णतेच्या बाजूने २०१० मधील ओरेगॉन विद्यापीठाचा अभ्यास नेहमी पुढे केला जातो. तयार सायकलपटूंनी दहा दिवस ४० अंशांत सराव केल्यावर त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता उष्ण हवेत ८ टक्क्यांनी आणि थंड हवेतही ५ टक्क्यांनी वाढली. यावर उड्या मारण्याआधी एवढे लक्षात घ्यावे, की नंतरच्या काही काटेकोर अभ्यासांत थंड हवेतला हा फायदा सापडला नाही. माझे मत विचाराल तर ‘उन्हात तयार झालेला उन्हात जिंकतो’ एवढेच विधान पक्के आहे. थंडीतला फायदा मिळाला तर वरकमाई समजावी.

मात्र नॉर्वेतील अलीकडच्या कामामुळे चित्र थोडे बदलले आहे. तिथे निष्णात सायकलपटूंनी पाच आठवडे, आठवड्यातून पाच वेळा, सुमारे ३८ अंशांच्या दमट खोलीत पन्नास मिनिटे हलका सराव केला, आणि त्यांच्या हिमोग्लोबिनचे वस्तुमान खरोखर वाढले. कारण असे मांडले जाते, की प्लाझ्मा वाढल्याने रक्त पातळ होते आणि ते प्रमाण पूर्ववत करण्यासाठी मूत्रपिंड तांबड्या पेशींची मागणी वाढवते. यात दहा-बारा दिवस पुरत नाहीत, पाच आठवडे लागतात, हे अधोरेखित करतो.

मानकापूर_ट्रॅक · ७ एप्रिल, सकाळी ९.३०

अनेक वर्षे मुलांना धावायला शिकवतो आहे, म्हणून थोडे थंड पाणी ओतण्याची परवानगी घेतो. प्रयोगशाळेतील ४० अंश आणि वर्धा रोडवरचे ४४ अंश यांत फरक आहे. प्रयोगशाळेत दार उघडून बाहेर पडता येते, डॉक्टर शेजारी असतो आणि डोक्यावर सूर्य नसतो. आपल्याकडे २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली होती. (२०२४ च्या मे अखेरीस गाजलेले ५६ अंश मात्र हवामान खात्यानेच संवेदकाचा दोष म्हणून बाजूला ठेवले, तरी तो आकडा अजून फॉरवर्ड होत असतो.) नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत दुपारी धावण्याला कोणी सराव म्हणू लागले, तर मी त्या मुलाच्या घरी जाऊन आईवडिलांना सांगेन.

दुसरे, नुसते तापमान पाहून काहीच ठरवू नये. शरीर थंड होते ते घाम वाळल्याने, त्यामुळे ओल्या फडक्याच्या तापमापकाचा आकडा महत्त्वाचा. मे महिन्यात नागपुरात ४३ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर हा आकडा २४-२५ च्या आसपास येतो. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला तो २८ पर्यंत जातो. खेळाच्या मैदानावर वापरला जाणारा उष्णता निर्देशांक याच आकड्याला ७० टक्के वजन देतो, २० टक्के उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याच्या तापमानाला आणि फक्त १० टक्के साध्या तापमानाला. दोहा येथे २०१९ च्या जागतिक स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री सुरू केली, सूर्याचा प्रश्नच नव्हता, तरी ६८ पैकी २८ जणींनी शर्यत सोडली. ती दमट हवेची करामत.

आपल्या कोरड्या उन्हाचा धोका वेगळा आहे. घाम त्वचेवर दिसायच्या आत वाळतो, बनियन कोरडे राहते आणि मुलगा म्हणतो, सर, आज घामच आला नाही. वजनकाट्यावर उभा केला की दीड किलो गेलेला असतो. म्हणून माझ्याकडे नियम आहे, धावण्याआधी आणि नंतर वजन करायचे. एक किलो कमी म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेले. उलट वजन वाढलेले दिसले तर गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायले गेले आहे. रक्तातील सोडियम उतरल्याने माणूस दगावू शकतो, हेही मुलांना सांगावे लागते.

खाण_परिसर · ७ एप्रिल, दुपारी १.१५

कोळसा खाणींच्या नोकरीत आयुष्य गेले, म्हणून एक जुना संदर्भ देतो. उष्णतेची सवय शास्त्रीय रीतीने लावण्याची सुरुवात खेळाडूंसाठी झालेली नाही. दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँडच्या खोल सोन्याच्या खाणींत उष्माघाताने मजूर मरू लागले, तेव्हा १९३० च्या दशकात तिथे ड्रिओस्टी यांनी नव्या मजुरांची उष्णतेत काम करण्याची क्षमता तपासून, त्यांना टप्प्याटप्प्याने सवय लावून मगच खाली पाठवण्याची पद्धत आणली. आज मॅरेथॉनवाल्यांना दिल्या जाणाऱ्या दहा-चौदा दिवसांच्या सल्ल्यामागे त्या मजुरांची शरीरे आहेत.

आपल्या शहरातही उन्हाला खऱ्या अर्थाने सरावलेला माणूस कोण, तर उड्डाणपुलावर सळया बांधणारा, वीटभट्टीवरचा, रिक्षावाला. आपण कूलरमधून गाडीत, गाडीतून एसीत आणि पहाटेच्या गार वेळेत अंबाझरीवर. जन्माने नागपूरकर असलो म्हणून शरीर उन्हाला तयार असेल, हा समज आधी सोडावा.

फुटाळा_फेरी · ७ एप्रिल, दुपारी २.००

खाण_परिसर काका, हा संदर्भ माहीत नव्हता. मानकापूर सर, दुपारी धावण्याची सूचना माझी नव्हतीच, पण वेळ कोणती धरावी हे मी लिहिले नव्हते. आपणच सांगावे.

डॉ_धंतोली · ७ एप्रिल, रात्री १०.२०

चर्चा वाचली. विदर्भात उष्णता आणि उंची या दोन्ही विषयांवर बोलताना सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा उल्लेख झाल्याशिवाय राहू नये, म्हणून लिहीत आहे. आपल्या भागात या आजाराचे प्रमाण मोठे आहे, आणि आजार नसलेल्या पण वाहक असलेल्या व्यक्ती त्याहून कितीतरी अधिक आहेत. वाहकाला रोजच्या आयुष्यात कोणताही त्रास होत नाही, त्यामुळे बहुतेकांना ते वाहक असल्याचे ठाऊकही नसते. परंतु तीव्र श्रम, उष्णता, पाण्याची कमतरता आणि उंची हे एकत्र आले, की वाहकाच्या तांबड्या पेशीही कोयत्याच्या आकारात वळू शकतात, स्नायूंचा रक्तपुरवठा खुंटतो आणि तो कोसळतो. उंचीवर प्लीहेला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने २०१० पासून आपल्या वरच्या गटातील खेळाडूंसाठी ही तपासणी लागू केली, ती याच कारणाने. सोल्युबिलिटी ही प्राथमिक रक्तचाचणी सरकारी रुग्णालयांत होते आणि ती पॉझिटिव्ह आली तर पुढे खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या चाचण्या करतात. वाहकाने खेळू नये असे मुळीच नाही. त्याने सवय अधिक सावकाश लावावी, मध्ये थांबायला संकोचू नये, आणि पायांत अचानक विचित्र अशक्तपणा आला तर ‘थोडा जोर लावला की जाईल’ असे समजू नये.

दुसरा मुद्दा उष्माघाताचा. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात शरीराच्या आतले तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, लडखडतो. घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो, आणि काखेत लावलेला थर्मामीटर इथे फसवतो. अशा वेळी आधी गार करायचे, मग हलवायचे. बर्फाच्या पाण्याच्या टबात मानेपर्यंत बसवणे सर्वोत्तम. टब नसेल तर अंगावर सतत पाणी ओतून जोराचा वारा घालावा, आपल्या कोरड्या हवेत त्यानेही तापमान चांगले उतरते. पॅरासिटामॉलचा काही उपयोग नाही. खिशातला कांदा ज्याला ठेवायचा त्याने ठेवावा, पण त्याच्या भरवशावर राहू नये. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा सर्दीची काही औषधे चालू असतील त्यांनी, आणि नुकताच ताप किंवा जुलाब होऊन गेलेल्यांनी, हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

माजी_सुभेदार · ८ एप्रिल, सकाळी ६.४५

लेहबद्दल थोडे. ते साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथे उतरल्यावर पहिले काम धावणे नसते, विश्रांती असते. सैन्यात ९ ते १२ हजार फुटांच्या टप्प्यासाठी सहा दिवस दिले जातात. त्यातले पहिले दोन जवळजवळ पूर्ण आराम, नंतर सपाटीवर चालणे, मग चढ. १२ ते १५ हजार फुटांसाठी आणखी चार आणि त्यावर आणखी चार. ज्यांना खारदुंगला चॅलेंजचे ७२ किलोमीटर धावायचे आहेत, त्यांची वाट सतरा हजार फुटांहून वर जाते, त्यांनी हे गणित स्वतःच करावे. तरुण, तंदुरुस्त जवानालासुद्धा फुप्फुसात पाणी होते. तंदुरुस्ती हे त्यावर संरक्षण नाही, उलट तंदुरुस्त माणूस पहिल्याच दिवशी घाई करतो म्हणून जास्त अडकतो. डोकेदुखीबरोबर मळमळ असेल तर चढणे थांबवावे. बसल्या जागी दम लागला किंवा चाल डगमगली तर रात्र आहे म्हणून न थांबता खाली उतरावे.

बाजारात तोंडावर बांधायचे ‘उंचीचे मास्क’ मिळतात. ते श्वासाला अडथळा करतात, हवेचा दाब कमी करत नाहीत. श्वासाच्या स्नायूंना थोडा व्यायाम होत असेल, रक्तात त्याने काही होत नाही.

बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या अविनाश साबळेचे उदाहरण कोणी तरी देणारच, म्हणून आधीच लिहितो. महार रेजिमेंटमध्ये असताना त्याने सियाचीनही पाहिले आणि राजस्थानचे वाळवंटही. पण २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्याने ३,००० मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीत जे ८ मिनिटे ९.९१ सेकंद नोंदवले, त्यामागे उटी आणि अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज अशा ठिकाणचा वर्षानुवर्षांचा आखीव सराव आहे. नुसत्या पोस्टिंगने विक्रम होत असते तर आमची अर्धी पलटण ऑलिंपिकला गेली असती.

पहाटपाळी · ८ एप्रिल, रात्री ८.४०

माझे दोन प्रश्न आहेत. मला लेहला जायचे नाही. जानेवारीतील मुंबई मॅरेथॉन धावायची आहे. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे कडाक्याची थंडी असते आणि तिथे अर्ध्या शर्यतीनंतर घामाच्या धारा लागतात. मे महिन्यात कमावलेली उष्णतेची सवय जानेवारीपर्यंत टिकते का? आणि माझे हिमोग्लोबिन नेहमी काठावर असते, तर या सगळ्याचा मला कितपत उपयोग होईल?

प्रयोगवही · ८ एप्रिल, रात्री १०.५०

ताई, पहिल्याचे उत्तर स्पष्ट नाही असेच आहे. उष्णतेपासून दूर गेल्यावर नाडी आणि शरीराच्या तापमानातील फायदा दिवसाला सुमारे अडीच टक्क्यांनी ओसरतो असे मानतात. तीन-चार आठवड्यांत फारसे उरत नाही. एकदा सवय झालेल्याला ती पुन्हा लवकर लागते, एवढाच दिलासा. याच कारणाने मे महिन्यातले ऊन सप्टेंबरच्या लेहसाठी साठवून ठेवता येत नाही, हे धागाकर्त्यांनाही सांगतो. मध्ये आपला पावसाळा पडतो. शिवाय लेहला पोहोचल्यावर पहिल्या दिवसांत प्लाझ्मा उलट कमीच होतो, तेव्हा तिथे सुभेदार साहेबांनी सांगितलेल्या दिवसांना पर्याय नाही.

मुंबईसाठी शर्यतीच्या आधीचे दोन-तीन आठवडे महत्त्वाचे. त्यासाठी ऊन लागत नाही. वेल्समधील बँगोर विद्यापीठात २०१६ मध्ये धावपटूंना रोजच्या हलक्या धावण्यानंतर लगेच ४० अंशांच्या पाण्यात मानेपर्यंत बसवले, जास्तीत जास्त चाळीस मिनिटे, सलग सहा दिवस. त्यानंतर उष्ण हवेतील पाच किलोमीटरची वेळ ४.९ टक्क्यांनी सुधारली. न्यूझीलंडमधील २००७ च्या एका छोट्या अभ्यासात धावल्यानंतर सुमारे अर्धा तास सॉनात बसण्याचा तीन आठवड्यांचा क्रम होता, त्यातही प्लाझ्मा सुमारे सात टक्क्यांनी वाढला. दोन्हींत मर्म तेच: धावून तापलेले शरीर गार होऊ द्यायचे नाही. आपल्याकडे बाथटब कोणाच्या घरी असतो, हा प्रश्न रास्त आहे. जिममधील स्टीम किंवा सॉना चालेल. नाहीतर हिवाळ्यातील त्या दिवसांत दुपारच्या उन्हात अंगात जास्तीचा थर घालून हलके धावावे. गरम पाण्यातून उठताना चक्कर येते, म्हणून घरात कोणी तरी जवळ असावे.

लोहाबद्दल डॉक्टर लिहितीलच, पण शरीरात लोहाचा साठा नसेल तर उंचीवर महिनाभर राहूनही तांबड्या पेशी वाढत नाहीत, एवढे पक्के आहे.

डॉ_धंतोली · ९ एप्रिल, सकाळी ७.३०

बरोबर. नुसते हिमोग्लोबिन पाहू नका, फेरिटिन ही लोहाच्या साठ्याची चाचणी करून घ्या; साठा हिमोग्लोबिनच्या कितीतरी आधी रिकामा होतो. ते कमी असेल तर ऊन आणि उंची दोन्ही बाजूला ठेवून आधी कारण शोधावे आणि उपचार घ्यावा. स्वतःच्या मनाने गोळ्या मात्र सुरू करू नयेत. विशेषतः सिकलसेल असलेल्यांनी तपासणीशिवाय लोह घेणे अयोग्य. आणि उष्णतेची सवय लागताना प्लाझ्मा वाढल्यामुळे हिमोग्लोबिनचा आकडा थोडा खाली दिसतो, तेव्हा तपासणी सराव सुरू करण्याआधी करावी, नाहीतर विनाकारण घाबरायला होईल.

मानकापूर_ट्रॅक · ९ एप्रिल, सकाळी १०.१५

वेळ विचारली होती, म्हणून लिहितो. एप्रिलच्या मध्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच हे करावे, नवतपात नाही. सकाळी साडेसातला सुरुवात, साडेआठपर्यंत संपलेले. पहिले तीन दिवस फक्त अर्धा तास, तोही चालत-धावत. वेग घड्याळावर नाही, नाडीवर ठरवायचा. नेहमीच्या वेगाचा आग्रह धरला की पहिल्याच आठवड्यात माणूस आडवा होतो. वेगाचा सराव आठवड्यातून दोनदा, तो पहाटेच्या गारव्यातच, आणि त्या दिवशी ऊन नाही. ‘राहणे उंचावर, सराव खाली’ वाल्यांनी जे उंचीत साधले, तेच आपण पहाट आणि सकाळ यांच्या फरकात साधायचे. झोप कूलरमध्ये घ्यावी. रात्री तापत पडून सवय वाढत नाही, थकवा वाढतो. ओआरएसचे पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात घालावे, अर्ध्या ग्लासात नाही. पन्हे किंवा ताक मीठ घालून प्यायले तरी उत्तम.

फुटाळा_फेरी · ९ एप्रिल, दुपारी १२.४०

लेहसाठी रजा वाढवून आधी जाण्याचे ठरवतो आणि चिखलदऱ्याचा बेत घाटातल्या धावण्यापुरता ठेवतो. पुढच्या सोमवारपासून सेमिनरी हिल्सच्या सावलीच्या रस्त्यावर साडेसातचा गट सुरू करू इच्छितो. वजनकाटा माझ्याकडे आहे. सर, आपण एखाद्या दिवशी येऊ शकाल का?

मानकापूर_ट्रॅक · ९ एप्रिल, दुपारी १.०५

बुधवारी येतो. टब आणि बर्फाच्या दोन लाद्या मिळाल्याशिवाय कोणी बूट घालू नयेत. आणि गटातला एक जण दर दिवशी न धावणारा असावा, त्याने फक्त बाकीच्यांचे चेहरे पाहायचे आणि प्रत्येकाला दर फेरीला एक साधा प्रश्न विचारायचा.

डॉ_धंतोली · ९ एप्रिल, दुपारी १.२०

प्रश्न रोज बदलावा, नाहीतर लोक उत्तर पाठ करून येतात. ज्यांची सिकलसेलची तपासणी झालेली नाही त्यांनी ती सोमवारच्या आत करून घ्यावी. अहवाल इथे कोणी टाकू नये, मला खासगी निरोपात कळवला तरी पुरे.